बरोबरीची आई

प्रिय लिंदाउरा,

गुडघा दुखतो म्हणून मार्लूसीच्या लग्नाला येणार नाहीस, असा निरोप तू धाडलास. गेल्याच महिन्यात जत्रेत तू दोन तास नाचलीस, हे माझ्या कानावर आलंय. "खरी आई असताना माझं तिथे काय काम," असं भावजयीला म्हणालीस, तेही आलंय. तेव्हा गुडघ्याचं नाटक पुरे.

परवा आम्ही अंगणात शेंगा सोलत बसलो होतो. मार्लूसी कॉलेजात भाषा शिकली तेव्हापासून एकही शब्द धड राहू देत नाही, उकलून बघते. मी सहज म्हटलं, कोमाद्रेला, म्हणजे तुला, फोन लाव. तर म्हणते, "आई, हा शब्द लॅटिनमधून आला. 'को' म्हणजे सोबत, 'माद्रे' म्हणजे आई. बरोबरीची आई. म्हणून लेकराची आई आणि धर्ममाता एकमेकींना कोमाद्रे म्हणतात." इटलीत, रुमानियातसुद्धा तोच शब्द थोडा वाकडा करून म्हणतात म्हणे. स्पेनमध्ये त्यावरून सुईणीला नाव पडलं. फ्रान्समध्ये मात्र त्याचा अर्थ चकाट्या पिटणारी बाई असा झालाय. शेजारच्या दोना क्लोतिल्दी लगेच म्हणाल्या, "म्हणजे फ्रान्सवाले मला ओळखतात तर." आम्ही पोट धरून हसलो. मग 'बरोबरीची आई' हे शब्द पुन्हा आठवले आणि मी शेंगा तशाच टाकून आत गेले.

बारा वर्षांच्या होतो आपण. संत योहानाच्या सणाला जाळाच्या दोन बाजूंनी हात धरून तीन फेरे घेतले आणि संतांच्या साक्षीने कोमाद्रे झालो. तुझे वडील कणसं भाजता भाजता म्हणाले, "अगं, लेकराचा पत्ता नाही आणि कोमाद्रे कसल्या होताय?" लेकरू चौदा वर्षांनी आलं. ते दोन वर्षांचं असताना त्याचा बाप परागंदा झाला, वर दुष्काळ पडला, आणि पोर तुझ्याकडे सोडून मी साओ पाउलोला लोकांची धुणीभांडी करायला गेले. सहा वर्षं. तिचा गोवर, पहिला पडलेला दात, शाळेचा पहिला दिवस, सगळं तू पाहिलंस.

मी परतले तेव्हा ती तुझ्या झग्याआड लपली आणि तुला 'आई' म्हणाली. दुसऱ्याच दिवशी तू पेटी उचलून कारुआरूला भावाकडे निघून गेलीस. पोर महिनाभर दारात बसून रडली. टाकून गेली म्हणून मी मनातल्या मनात तुला शिव्या घातल्या. तू थांबली असतीस तर ती माझ्या कुशीत कधीच आली नसती, हे कळायला मला फार वर्षं लागली. कळल्यावरही बोलले नाही. आभार मानायचे तर तू माझ्याहून जास्त आई होतीस हे कबूल करावं लागलं असतं, आणि तेवढं माझं काळीज मोठं नव्हतं.

आज कबूल करते. तू तिला वाढवलंस आणि वर मला परतही दिलीस. त्याहून मोठं मला कुणी काही दिलेलं नाही. लग्नपत्रिकेवर आईच्या जागी दोन नावं आहेत, तुझं आधी. छापखान्यातला म्हणाला, "बाई, आई एकच लिहितात." मी म्हटलं, "आमच्याकडे दोन आहेत, तू छाप." पत्रिका गावभर वाटून झाल्यात. चर्चमध्ये मार्लूसी एक हात माझ्या आणि एक तुझ्या हातात देऊन येणार आहे. तू आली नाहीस तर तिचा तो हात मोकळा राहील, आणि तो धरायला मी दुसऱ्या कुणालाही पुढे येऊ देणार नाही.

तुझीच, आता शब्दाचा अर्थ कळलेली कोमाद्रे,
झेनाइद