शक्यता सत्त्याण्णव टक्के

३ मे, सकाळी ७
नातीला खगोलशास्त्र शिकायचंय, तेही त्या मोठ्या विद्यापीठातच. दुसरीकडे नाव काढायचं नाही. जागा दोनशे, अर्ज चाळीस हजार. घरात सगळ्यांचे चेहरे सुतकी. म्हटलं, घाबरता काय? पुस्तकबांधणीच्या धंद्यात त्या विद्यापीठाचे प्रबंध तीस वर्षं मी बांधलेत. आमची ही म्हणाली, बांधलेत हो, वाचलेत कुठं!

सायंकाळी ५
हिशेब केला. चाळीस हजारांतून हौशे वजा, नवशे वजा, गवशेही वजा. उरले एकशे ऐंशी. म्हणजे वीस जागा रिकाम्याच राहणार! तरी माणसानं नम्र असावं. शक्यता ९७ टक्के.

५ मे
अर्जासोबतचा नातीचा निबंध पाहिला. पाचशे शब्द. एवढ्याशाला पुस्तकाचा कणाच येत नाही, नाव छापणार कुठं? म्हटलं, वाढव. म्हणाली, आजोबा, पाचशेच्या वर कॉम्प्युटर घेतच नाही. निश्चय: नातीच्या कामात लुडबुड करायची नाही. फक्त देखरेख.

८ मे
तिची कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत. गुणपत्रक, दाखले, बक्षिसांची प्रमाणपत्रं. एक लांब, एक आखूड. शिस्त नाही. ती दोन दिवस मैत्रिणीकडे गेलीय. निश्चय थोडा सैल केला.

९ मे
तिच्या कागदांचं पुस्तक झालं! शिवण, खळ, मग दाब बसायला दिवसभर शिकंज्यात. तिन्ही बाजू कापून एकसारख्या. निळं रेक्झिन, वर सोनेरी अक्षरांत नातीचं नाव. हात अजून तोच आहे. शक्यता ९८.

१० मे
नात रडली. आनंदानं असेल म्हणून पाठीवर हात ठेवला. आनंदानं नव्हतं. अर्ज ऑनलाइन, मूळ कागद स्कॅन करून पाठवायचे. बाकीचे तिनं सुरीनं सुटे केले. पण गुणपत्रक सगळ्यांहून बोटभर लांब होतं. ते बोट मी कापलं. त्या बोटावर बैठक क्रमांक होता. आणि मुख्याध्यापकांची निम्मी सही.
सूनबाई काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा घरातलं मांजरसुद्धा बाहेर जाऊन बसतं.
कचऱ्यातून कातरण शोधलं. चिकटवून देतो म्हटलं. एकमतानं नाही. बाकी, इतक्या कडेला नंबर छापणाऱ्याला धंदा कळत नाही, हे कुणी लक्षातच घेत नाही.

१४ मे
सूनबाईनं दोन दिवस रजा टाकून शाळेच्या ऑफिसात ठाण मांडलं, दुसरी प्रत आणली. अर्ज गेला तेव्हा मुदतीची चाळीस मिनिटं उरली होती. उत्तमच झालं. शेवटी आलेला कागद गठ्ठ्यात सगळ्यांत वर असतो, तोच आधी उचलतात. शक्यता ९९. घरात बोललो नाही.

२ जून
मुलाखतीचं बोलावणं! लगेच सराव घेतला. विचारलं, खळीला कीड लागू नये म्हणून काय घालतात? नातीला सांगता येईना. म्हणाली, आजोबा, असलं नाही हो विचारणार, ग्रहांचं विचारा. विचारलं असतं, पण उत्तर बरोबर की चूक, हे मला कोण सांगणार? सराव संपवला. तयारी पूर्ण.

९ जून
मुलाखत अकराला. मी सोबत जाणार होतो. सातला दाढी करून बाहेर येतो तो घर रिकामं. ही म्हणाली, गेल्या मायलेकी मघाशीच, आधीची बस मिळत होती. संध्याकाळी नातीला विचारलं, कशी झाली? म्हणाली, बरी. बरी म्हणजे छानच. आमच्या घरात बढाई मारायची पद्धत नाही.

२६ जून
संध्याकाळी न्हाव्याकडे गेलो. मानेवर वस्तरा ठेवून तो म्हणाला, काका, अभिनंदन! नातीला मिळाली म्हणे जागा, परवाच! म्हटलं, हो, माहिती आहे. डोकं अर्धं झालेलं, उठताही येईना.
घरी येऊन विचारलं, मला का नाही सांगितलं? सूनबाई म्हणाली, मूळ कागद आज दुपारी जमा करायचे होते, बाबा. म्हणून ठरवलं, तोवर तुम्हाला...
पुढचं तिनं गिळलं. मी चांगलंच रागवायचं ठरवून आलो होतो. तोंडातून निघालं, मग, पोचले ना कागद नीट?