अन्वीच्या रेड बुकातली रेषा

रीडिंग,
१४ जून २००९

प्रिय वैभू,

गेल्या रविवारी तू फोनवर दुसऱ्या बाळाची बातमी दिलीस, बाळंतपणाला एडिनबराला ये म्हणालीस, आणि मी कुकरचं निमित्त काढून फोन ठेवला. कुकर लावलेलाच नव्हता. ‘ताई, ह्या वेळी मी पहिल्या दिवसापासून फॉर्म्युलाच देणार, अन्वीच्या वेळी दूध पुरलं नाही तो मनस्ताप परत नको,’ असं तू म्हणालीस ना, ते ऐकून मी पळ काढला. म्हणून हे पत्र. तोंडाने मी पुन्हा काहीतरी सारवासारव करीन, मला मी चांगली ओळखते.

माझं काम तुला माहीतच आहे. आई सगळ्या नातेवाइकांना सांगते, आमची नीना गोऱ्या नर्सेसना बाळाला पाजायचं कसं ते शिकवते. लोकरीचा विणलेला स्तन आणि एक बाहुली घेऊन मी मिडवाइफ आणि हेल्थ व्हिजिटर बायकांचे वर्ग घेते. पहिला नियम, मध्ये हात घालायचा नाही, बाळाची मान धरून त्याला दामटायचं नाही. जिला राहवत नाही तिला मी स्वतःच्या हातांवर बसायला लावते. वर्गात कोणीतरी विचारतंच, तू तुझ्या मुलाला किती महिने पाजलंस? मी बेधडक सांगते, वर्षभर. परीक्षित माझ्या अंगावर अकरा दिवस प्यायला, वैभू. अकरा. मग ताप, गाठी, रडारड आणि बाटली. बाबांच्या बायपासमुळे आई येऊ शकली नाही, आणि जवळ बसून धीर देणारं माझ्याकडे कोणी नव्हतं. ह्या कामाकडे मी त्यानंतरच वळले. हे मी तुलासुद्धा कधी सांगितलं नाही.

आणि तू! अन्वी चार महिन्यांची असताना मी तुझ्याकडे आले, तेव्हा तू फोन खांद्यात अडकवून, एका हाताने टोस्ट खात तिला पाजत होतीस. तिच्याकडे बघतसुद्धा नव्हतीस. आई शेजारी अळिवाचा लाडू घेऊन बसलेली. माझ्याकडे बघून म्हणाली, हिला काही शिकवावंच लागलं नाही बघ. माझ्या पोटात दुखलं. लहानपणी अभ्यास न करता तुला मार्क पडायचे तेव्हा दुखायचं, तसंच. मोठ्या बहिणीला हे शोभत नाही म्हणून मी हसत होते, पण आतून नुसती धुमसत होते. अन्वी पिऊन झाली की तिथेच झोपायची, ओठाच्या कोपऱ्यातून दूध ओघळायचं. मला ते बघवत नव्हतं.

त्याच दुपारी तू कौतुकाने तिचं रेड बुक, लसी-वजनांच्या नोंदींची ती लाल वही, माझ्यापुढे ठेवलंस. वजनाच्या तक्त्यावर तिचे ठिपके आधी छान चढलेले, मग किंचित खाली घसरलेले. हे ठीक आहे ना, तू विचारलंस. तुझा नवरा म्हणून अनुपही लॅपटॉपमधून मान वर करून काळजीने ऐकत होता. मी चष्मा लावला, च्च केलं, आणि दूध कमी पडतंय, संध्याकाळची एक बाटली सुरू कर, असं सांगितलं. एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार, आणि सहाव्या महिन्यात तुझं दूध आटलं. तू फोनवर रडलीस. मी तुझी समजूत काढली. छान काढली, कामच आहे माझं.

गेल्या महिन्यात इंग्लंडमध्ये नवे तक्ते आले, अंगावर पिणाऱ्या बाळांच्या वाढीवरून केलेले. ते शिकवायचं काम माझ्याकडेच आलंय. जुने तक्ते बहुतेक बाटलीच्या बाळांवरून केलेले होते. अंगावरची बाळं ठणठणीत असली तरी त्यावर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात घसरलेली दिसायची. तू म्हणशील, मग ताईचा काय दोष, तक्ताच तसा होता. नाही गं. हे मला त्या दुपारी माहीत होतं. आदल्याच आठवड्यात मी ते वर्गात फळ्यावर काढून दाखवलं होतं. तुझं दूध कमी नव्हतं, वैभू. तुझं सुख मला सोसवलं नाही. अन्वीची वजनं मी त्या दिवशी डायरीत उतरवून घेतली होती. ती नव्या तक्त्यावर मांडून सोबत पाठवतेय. रेषा बघ, कशी नीट चाललीय. तुझ्या मिडवाइफला दाखव, आणि मग अंगावर की बाटली ते तुझं तू ठरव. खरं सांगते, हे लिहितानाही वाटतंय, दुसरंही हिच्याकडे तसंच घटाघटा पिणार. अजून जळते मी. हे वाचून मी यायला नको असं वाटलं, तर आईला बोलाव. बोलावलंस तर येईन, स्वयंपाक करीन, अन्वीला शाळेत सोडीन, आणि तू बाळाला पाजायला घेतलंस की हातांवर बसेन. तोंडही बंद ठेवीन.

तुझीच,
नीनाताई