घरचा नंबर

बुधवार, संध्याकाळ. कामतघर.

राहनाळचं गोदाम सोडलं, पण तिथला सुपरवायझर काही सुटत न्हाय. सकाळी परत ताईला फोन केला त्याने. "तुझा भाऊ पळाला कशाला? चोर हाय का?" आज तो फोन तिच्या सासूबाईंनी उचलला. ताईने मला एवढंच सांगून फोन ठेवला.

ताईचा नंबर मीच दिलेला, तिथे कामाला लागताना. अपघात झाला तर घरी कळवायला. त्याच्यासाठीच ना दिला होता?

सगळं सोडून अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडात जाऊन बसावंसं वाटत होतं. राहू दे ते.

दुपारी नव्या गोदामात मुकादम म्हणाला, "घरचा नंबर बोल. लागलं-बिगलं तर कोणाला कळवू?"

"कोणालाच नका."

तो हसला. "अनाथ हाय का रे?"

मी हो म्हटलं.