झाडाला बांधलेला दुपट्टा

प्रिय सुमन,

तुला जाऊन तीन वर्षं झाली आणि पत्र आत्ता लिहिते आहे. आपल्या गावच्या दसरूला फाशीची शिक्षा झाली. गावात पेढे वाटले. माझ्या वाट्याचा पेढा देवापुढे ठेवलाच नाही. कोणत्या तोंडानं ठेवू गं?

तुझा जीव घेणारा दसरूच, असं सगळे म्हणतात. मीही म्हणत होते. तुझ्याजवळ मोहाच्या झाडाखाली त्याचा खांद्यावर टाकायचा दुपट्टा सापडला होता ना! पोलीस साहेबांनी विचारलं, "हा कोणाचा?" मी पाहताक्षणी म्हटलं, "दसरूचा." त्यांनी लिहून घेतलं, मी सही केली. मॅट्रिक झालेली मी, वाचून सही केली!

यंदा मोहफुलं पडायच्या आधी मी आपल्या झाडाला जुन्या लुगड्याची पट्टी बांधून आले. आपली रीतच ती, ज्याची चिंधी त्याची त्या मोसमाची फुलं. घरी येऊन तांदूळ धुवायला घेतले आणि हात थांबला. माझं लुगडं रानात होतं, मी चुलीपुढे होते! दसरूचा दुपट्टाही तसाच झाडाला बांधलेला असेल तर? सुटून खाली पडला असेल तर?

साहेब बाहेरगावचे, त्यांना ही रीत काय ठाऊक? मला ठाऊक होती. मग मी का बोलले नाही? कुणी विचारलं नाही म्हणून, की मला तेव्हा कुणीतरी हवाच होता म्हणून? सुमे, आता माझा माझ्यावरही भरवसा नाही.

पेढे वाटणाऱ्यांवर तर नाहीच. शिक्षा लागली आणि सगळे निवांत झाले. खरा मारणारा रोज माझ्या दारावरून जात असेल, रामराम करत असेल, तर?

गेल्या आठवड्यात गडचिरोलीहून एक बाई आली, फाशीच बंद करा म्हणून सह्या घेत. मला तिचाही संशय. दारातच अडवली.

"काऊन वो, गावात दुसरं घर नाई? जिची बहीण मेली तिच्याच दारी आल्या?"

"तुमचं दुःख मोठं आहे, म्हणूनच आली, ताई."

"अन् माझ्या सहीनं तो सुटून आला त?"

"सुटत नाई. जेलातच राह्यते. पण उद्या चूक निघाली त जेलचं दार उघडता येते. फाशी दिल्यावर काय उघडसान?"

आतून हे ओरडले, "सही करशील त लोक म्हनतील, बहिणीले इकली!"

"लोकाइनं पेढे खाल्ले, तुमीही दोन खाल्ले. आता गप बसा!"

सही केली. तीनदा वाचून.

रागावलीस का? एकटी रानात जाऊ नको, असं किती सांगितलं होतं तुला! ऐकलं असतंस तर! पण तू तर घरात कोंबडी कापायची म्हटली तरी शेजारी जाऊन बसायचीस. आणि मी तुझ्या नावानं माणूस मारायला निघाले होते.

शिक्षा अजून हायकोर्टात कायम व्हायची आहे म्हणे. सोमवारी त्या बाईसोबत नागपूरला वकिलाकडे जाते. दुपट्ट्याचं सगळं सांगणार, माझी चूकही. आणि देवासमोर तुला शब्द देते, उद्या दसरूच तुझा मारणारा ठरला, तरी त्याला जन्मभर कोंडा म्हणेन, मारा म्हणणार नाही.

तुझी,
मोठी बाई