लेकरांची टेकडी

आर्डबान, कॉनेमारा
१४ सप्टेंबर १९९८

प्रिय सोरका,

दर रविवारी तुझा फोन येतो आणि मी पाऊस, गाय आणि माझा गुडघा यांच्याबद्दल बोलून ठेवून देतो. फोनवर मला जमत नाही, तुला ठाऊकच आहे. म्हणून लिहायला बसलोय. सकाळपासून तीन कागद चुलीत गेले, हा चौथा. अक्षर वाकडंतिकडं झालंय, सांभाळून घे.

ऑगस्टच्या शेवटी इथं एक अमेरिकन बाई आली होती. लोरेन तिचं नाव, वय साठीच्या पुढं, बोस्टनकडं कुठंतरी शाळेत शिकवायची. उन्हाळ्यात अशी माणसं येतातच, आजा-पणजाचं घर शोधत. ही तिच्या आजीचं शोधत होती. आजी इथूनच शंभरेक वर्षांपूर्वी बोटीत बसून गेलेली. तिने बहिणीला लिहिलेलं एक पत्र, पत्ता न सापडल्यामुळे परत गेलेलं, लोरेनकडं होतं. त्यात एका जागेचं नाव होतं, ते डब्लिनच्या एकाही नकाशावर नाही आणि चर्चच्या वह्यांतही नाही. पोस्टातल्या मॉर्टिनने तिला सरळ माझ्याकडं धाडलं. म्हणे, "आमच्या बार्टलीला विचारा. त्याला इथल्या दगडादगडाचं नाव पाठ आहे, फक्त बायकोचा वाढदिवस तेवढा कधी आठवला नाही."

मी तिला चहा दिला, सोडा ब्रेड कापला. मला बरं वाटत होतं गं. मार्चमध्ये तुझी आई गेल्यापासून स्वयंपाकघरात दुसरा कप निघाला नव्हता. घोड्याचं वावर, विधवेचा बांध, बुडक्याची खाच, अशी नावं मी एकामागून एक सांगत सुटलो आणि ती वहीत लिहून घेत होती. मग तिने चष्मा लावला आणि पत्रातली ओळ वाचली. "नोव्हेंबरात माझ्या वतीने क्रोकनाबॉस्टीला जाऊन येत जा." तो शब्द इंग्रजी अक्षरांत पार मोडून गेला होता. मी तिला परत वाचायला लावलं आणि दुसऱ्यांदा ऐकताना शब्द ओळखला. क्रुकॉन ना बॉश्ती. लेकरांची टेकडी. ती हसून म्हणाली, "हेच आमचं घर असणार, नाही का मिस्टर मॅनियन?" मी म्हणालो, "बाई, असं नाव या भागात नाही. आजीच्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली असेल."

तुला ते नाव माहीत नाही, कारण आम्ही कुणीच ते तुमच्या कानावर पडू दिलं नाही. तू मोठी होईतो ती रीतही बंद पडली. बाप्तिस्मा व्हायच्या आधीच जे मूल जायचं, त्याला चर्चच्या आवारात जागा नसायची. बाप त्याला उचलायचा आणि दिवस मावळताना टेकडीवर नेऊन ठेवायचा. सोबत ना पाद्री, ना प्रार्थना. डोक्याशी एक पांढरा दगड, तोही असा की दुसऱ्या कुणाला वेगळा ओळखू येऊ नये. घरी परत आलं की गायीची धार काढायची आणि कुणी काही विचारायचं नाही.

लोरेन तीन दिवस गावात फिरली. मी खिडकीतून बघायचो. दारोदार नकाशा पसरून विचारायची आणि प्रत्येक म्हातारा माझ्यासारखीच मान हलवायचा. आम्ही सगळे एकाच माळेचे मणी. तिसऱ्या दिवशी ती आपल्याच कुंपणाला टेकून उभी होती, बूट चिखलाने भरलेले. मला म्हणाली, "आजी मरताना हाच शब्द बडबडत होती. आम्हाला वाटलं, तिला घरी जायचंय." मी आत गेलो, टोपी घातली, काठी घेतली आणि तिला म्हणालो, "चला."

सोरका, ती टेकडी म्हणजे कपडे वाळत घालायच्या दोरीसमोरची, काटेरी झुडपांची. पांढऱ्या फुलांची. तुझी आई बेचाळीस वर्षं तिच्याकडं तोंड करून चादरी झटकत आली. मे महिन्यात म्हणायची, "बघ तरी बार्टली, काय सुंदर दिसतेय." आणि मी बादली उचलून गोठ्यात जायचो.

वर पोचल्यावर लोरेनला मी सांगितलं, हे घर नाही, तुमची आजी कुणालातरी इथं ठेवून गेली. ती वाकून एकेक पांढरा दगड बघत फिरली. मग तिने विचारलं, "कोणता?" मी म्हणालो, तुमचा कोणता ते आता देवालाच माहीत, ज्याने ठेवला तोच सांगू शकला असता. त्यावर तिने अगदी साधेपणाने विचारलं, "मग तुम्हाला कसं ठाऊक हे सगळं?" मी काठीने दाखवलं. झुडपापासून चौथा. म्हणालो, "तो माझा आहे."

आजवर हे मी कुणाला म्हणालो नव्हतो. पहिल्यांदा म्हणालो ते एका परक्या बाईला.

फेब्रुवारी छप्पन्न. तुझ्या जन्माआधी चार वर्षं. तुझी आई दोन दिवस अडली होती. मुलगा होता, पूर्ण वाढलेला, डोक्यावर काळंभोर जावळ. तो रडलाच नाही. सुईणीने त्याला फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिलं. डीलियाला, तुझ्या आईला, त्याचा चेहराही दाखवला नाही, तेव्हा तसंच करायचे. माझ्या आईने मला दारातच धरलं, "तिला जागा सांगू नकोस हो. सांगितलीस तर ती तिथंच बसून राहील, संसार व्हायचा नाही." पाद्रीबुवाही तेच म्हणाले. मी सत्तावीस वर्षांचा होतो, मोठ्यांना कळतं असं मला वाटायचं. डीलियाने उठून बसता आल्यावर पहिलं तेच विचारलं, आणि मी म्हणालो, दुसऱ्या माणसाने नेलं, मला ठाऊक नाही.

पुढं आई गेली, पाद्रीबुवा गेले, मला अडवणारं कुणी उरलं नाही. तरी सांगितलं नाही. कारण आता जागा सांगायची तर खोटंही कबूल करायचं, आणि खोटं दर वर्षी एक वर्षाने मोठं होत होतं. ती दर फेब्रुवारीत एकदा विचारायची, रागावून नाही, मीठ कुठं ठेवलंय असं विचारावं तसं. मग कधीतरी विचारायची थांबली. मला वाटलं, विसरली. बघ, किती मूर्ख माणूस.

शेवटच्या आठवड्यात, तू विमानात होतीस त्या दुपारी, तिने माझी बाही धरली. "बार्टली, कुठं ठेवलंस रे त्याला?" म्हणजे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं की नेणारा मीच. पलंगावरून खिडकी दिसत होती. नुसतं बोट करायचं होतं, सोरका. मी म्हणालो, "झोप आता, डीलिया." तिने बाही सोडली आणि तोंड भिंतीकडं केलं.

दफनानंतर तू मला विचारलं होतंस, आई शेवटी कोल्म, कोल्म अशी कुणाला हाक मारत होती. मी म्हणालो, तिचा कुणी चुलतभाऊ असेल. तसा कुणी नव्हता. तिने त्याचं नाव ठेवलं होतं आणि मला कधी सांगितलं नाही, मी जागा सांगितली नाही तसंच. तो तुझा भाऊ. लोरेनचं काल पत्र आलं, ती त्या टेकडीचं नाव नकाशावाल्यांकडून नोंदवून घेतेय, म्हणजे ते आता कागदावर राहील. पण चौथा दगड कुणाचा, हे माझ्याखेरीज कुणाला माहीत नाही, आणि डॉक्टरांनी माझ्या छातीबद्दल जे सांगितलं ते मी तुला फोनवर सांगितलेलं नाही. म्हणून लवकर ये. मी तुला वर नेईन, जमेल तेवढं चढेन. आणि मग तू एकटी आईच्या थडग्याशी जा. मी दोनदा जाऊन आलो. दोन्ही वेळा तिला गायीचंच सांगत बसलो. माझ्याच्याने होत नाही. कोल्म कुठं आहे ते तिला तू सांग.

तुझाच,
बाबा