शिट्टी, दम आणि खालचा ओठ

३ जानेवारी
आजपासून रोजनिशी. शिस्तीची सुरुवात स्वतःपासून. सव्वीस वर्षं शाळेत खेळाचा सर आहे. माझ्या एका शिट्टीला नऊशे पोरं जागच्या जागी थांबतात. त्याला छातीत दम लागतो.
खालच्या ओठाला आतून जांभळी गाठ आली आहे, वाटाण्याएवढी. बायको म्हणते, दाखवा. कशाला?

४ जानेवारी, सकाळी ६
अंगठ्याने गाठ दाबून धरली. गायब! डॉक्टर लोक इतकी वर्षं काय शिकतात कोण जाणे.

४ जानेवारी, दुपारी
शिट्टी वाजवली. गाठ हजर, आता बोराएवढी. उद्या जास्त वेळ दाबणार.

९ जानेवारी
बायकोने ओढून नेलं. डॉक्टर मॅडम माझ्या विद्यार्थिनी शोभतील एवढ्या. म्हणाल्या, हा नसांचा गुंता आहे. दाबला की रिकामा होतो, फुंकलं की रक्ताने भरतो. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत त्यात इंजेक्शन द्यायचं, मग नसा आक्रसतात. दोन-तीनदा यावं लागेल. तोवर शिट्टी बंद.
चोवीसला शाळेच्या क्रीडास्पर्धा! म्हटलं, त्यानंतर बघू. इंजेक्शनला मी भीत नाही. वेळ नाही, एवढंच.

१३ जानेवारी
बायकोच्या समाधानासाठी शिट्टीऐवजी टाळ्या वाजवून पाहिल्या. पोरांना वाटलं कुणाचा तरी सत्कार आहे. तीही वाजवू लागली.

१५ जानेवारी
शिट्टी वाजवली. शर्टभर रक्त. घाबरलो. शर्ट नवा होता.
बायकोने शर्ट भिजत घातला आणि दवाखान्यात फोन लावला. भांडली असती तर माझं उत्तर तयार होतं.

१७ जानेवारी
इंजेक्शन. ताठ मानेने गेलो. मॅडम म्हणाल्या, तोंड मिटून जोर लावा, गुंता भरला की पडद्यावर नीट दिसेल. मला शिकवतात! जोर लावला. काही नाही. पुन्हा लावला. तोंडाला कोरड. छातीतली हवा कुठे गेली कळेना. तिथला एसी फार आहे.
शेवटी त्यांनी टेबल डोक्याकडून खाली केलं, तेव्हा गुंता आपोआप भरला. सुई कळलीही नाही. सिस्टर सांगत सुटली आहे की मी तिचा हात सोडत नव्हतो. तिनेच धरला होता.

१९ जानेवारी
ओठ सुजून दुप्पट. हे व्हायचंच म्हणे. शिट्टी दीड महिन्याने. हॅ! चोवीसला मीच वाजवणार.
शिट्टी सापडत नाही.

२४ जानेवारी
शिट्टी बायकोने परस्पर गणिताच्या बाईंना दिली होती! बाईंना जिना चढताना धाप लागते. म्हटलं, होऊ दे फजिती. शिट्टी माझी नेली, दम कुठून आणणार?
शर्यत सुरू होण्याआधीच पोरं रेषा सोडून पळाली. मैदानभर गोंधळ. मला बघवेना. शिट्टी हिसकावून घ्यायला तरातरा निघालो. निम्म्यात पोचलो तोच बाईंनी शिट्टी वाजवली.
नऊशे पोरं जागच्या जागी थांबली.
मीही थांबलो.