मुठीतला तांदूळ

त्लांगखुआ,
१४ ऑक्टोबर २००७

चि. रोकिमा यास,
प्रभूमध्ये सलाम व अ. आ.

तुझं पत्र शनिवारच्या सुमोतून आलं. सूनबाईने विणलेला स्वेटरही मिळाला. माप तुझ्या पोटाचं घेतलेलं दिसतं. माझ्यासारख्या दोघी त्यात आरामात मावतील. तरी तिला सांग, ऊब छान आहे, उपासनेला रोज घालते.

आता वाईट बातमी. कापणीला आठ-दहा दिवस उरले होते. सकाळी शेतावर गेले तर उतारावर नुसतं काड उभं. एका लोंबीत दाणा नाही. उंदीर आले आणि गेलेसुद्धा. खालच्या अंगाच्या साऱ्या शेतांची हीच गत. बांबूला फुलं आली तेव्हाच म्हाताऱ्यांनी बजावलं होतं, की त्याच्या बिया खाऊन उंदीर माजतील. म्हणजे मीच बजावलं होतं, कारण आता गावात सगळ्यात म्हातारी मीच. पोरं हसली होती. आता हसत नाहीत.

तू लिहितोस की घर बंद कर आणि ऐजॉलला ये. अरे, सहा घरं आधीच गेली. मीही निघाले तर चर्चच्या गाण्यात दुसरा आवाज धरायला राहील कोण? आणि खरं सांगू, या दिवसांत मला आपली नू, आपली आई, फार आठवते. एकोणसाठ सालीही असंच झालं होतं ना. तू तेरा वर्षांचा, मी सतरा. तू ढोलावर बसायचास आणि भुकेने हात चालेनासे झाले की मान डोलवून ताल धरायचास. नू आपल्या दोघांना जंगलात घेऊन कंद उकरायची. उकरताना गायची. मी एकदा चिडून म्हटलं होतं, गाण्याने कंद मोठा होतो का? तर म्हणाली, कंद होत नाही, उकरणारा होतो.

परवा महिला मंडळीची बैठक झाली. चूल पेटवताना देवाच्या नावाने मूठभर तांदूळ बाजूला काढून मंडळीच्या डब्यात टाकायची आपली रीत यंदा बंद ठेवावी, असं बऱ्याच जणींचं म्हणणं पडलं. मी उठले आणि सांगितलं की त्या काळातही आमच्या आयांनी मूठ सोडली नव्हती. तांदूळ नव्हता तेव्हा कंदाचा तुकडा टाकायच्या, पण टाकायच्या. तेव्हा कुणीतरी मागून पुटपुटलं, आणि डबा सांभाळणारी तो खायची! तेव्हा डबा पी थानछुंगीच्या घरी असायचा, तिचं नाव अजून लोक विसरलेले नाहीत बघ. बियाकी, तिची मुलगी, तिथेच बसली होती. मान खाली घालून राहिली. एके काळी ती आणि मी एका ताटात जेवायचो. मला बोलायला हवं होतं, पण काय बोलणार? डबा अर्धा झाला होता हे तर खरंच होतं.

गुडघ्याला तेल लावतोस ना? लोभ असू दे, आणि पत्राला आळस नको.

तुझी थोरली बहीण,
ऊ झोमिंगी

*

ऐजॉल,
९ नोव्हेंबर २००७

ति. ऊ झोमिंगी हिस,
प्रभूमध्ये सलाम, वि. वि.

तुझं पत्र मिळून तीन आठवडे झाले. उत्तर चार वेळा लिहिलं आणि चार वेळा फाडलं. हे फाडणार नाही.

तुला तो ताप आठवतो? फेब्रुवारी महिना. तुझं पोट काही धरत नव्हतं आणि कंदाच्या वासानेही तू तोंड फिरवायचीस. नू कंदांसाठी पलीकडच्या डोंगरात गेली होती, दोन दिवस परतली नव्हती. तू डोळे उघडेनाशी झालीस. मी पाणी पाजलं ते गालावरून ओघळलं. मग मी तुला पेज पाजली आणि सांगितलं की मामाने तांदूळ पाठवला.

मामाने काही पाठवलं नव्हतं, ऊ, माझ्या ताई. पी थानछुंगी पोरांना घेऊन जंगलात गेली होती आणि दार नुसतं लोटलेलं होतं. डबा कुठे असतो ते मला ठाऊक होतं, कारण बियाकीच्या भावाबरोबर मी तिथे खेळायचो. मी माझ्या टोपीत भरून तांदूळ आणला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. दोन खेपांत डबा निम्मा झाला.

मला वाटलं होतं, कुणीतरी ओरडेल, मग मी कबूल करेन. पण कुणी ओरडलंच नाही. थानछुंगीला कुणी तोंडावर एक शब्द बोललं नाही. डबा तेवढा दुसऱ्या घरी गेला. आणि तिची पाचही लेकरं त्या वर्षी जगली म्हणून लोक डोळ्यांनी बोलत राहिले. मी रोज ठरवायचो, उद्या सांगतो. मग शिकायला बाहेर पडलो, शिक्षक झालो, मंडळीने मला चर्चचा वडील, कारभारातला ज्येष्ठ, नेमलं. वेदीपाशी उभा राहून मी लोकांना कबुलीजबाबावर उपदेश केले आहेत. माणसाला किती निर्लज्ज होता येतं!

तिच्या दफनाला मी गावात होतो. फुलं ठेवली आणि परत आलो.

तू काय म्हणशील ते मला कळत नाही. तरी बहीण म्हणून माझी आठवण टाकू नकोस.

तुझा धाकटा,
रोकिमा

*

त्लांगखुआ,
२ डिसेंबर २००७

रोकिमा यास, सलाम.

तुझं पत्र चुलीजवळ वाचलं आणि वाटलं, आत टाकावं.

तू चोरलंस याचा राग नाही मला. तेरा वर्षांचं पोर बहिणीला मरताना बघत होतं. राग गप्प बसण्याचा आहे. आणि त्याहून जास्त माझा मला आहे. थानछुंगीच्या दारावरून जाताना मी तोंड फिरवायची. बियाकी पाण्यावर भेटली की मी घडा अर्धा भरून निघायची. अठ्ठेचाळीस वर्षं, रोकिमा! तिच्या लग्नात मी गायले नाही. तिचा नवरा गेला तेव्हा दारातूनच परतले. आणि माझ्या अंगात रक्त फिरत होतं ते त्याच तांदळाचं.

मी तिच्याकडे जाऊन तुझ्या वतीने सांगणार नाही. तू ये. रस्ता दरडीने बंद आहे, गुडघा दुखतो, असलं काही लिहू नकोस. मला ठाऊक आहे तू तेच लिहिणार.

झोमिंगी

*

ऐजॉल,
२० जानेवारी २००८

ति. ऊ हिस,
सलाम, वि. वि.

रस्ता दरडीने बंद आहे आणि गुडघा दुखतो, असं मी खरंच लिहिलं होतं. तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि तो कागद फाडला.

बायकोला सांगितलं. ती भाजी निवडता निवडता म्हणाली की पेरणीआधी जा, बियाणं घेऊन जा, आणि कोट घालू नकोस, साधे कपडे घाल. आमच्या पाळकसाहेबांनाही सांगितलं. वडीलपणाचं पद सोडतो म्हटलं, तर ते म्हणाले की आधी गावाला जाऊन या, पदाचं मग पाहू.

मला फार भीती वाटते, ऊ. मरणाची वाटत नाही एवढी. मार्चच्या दुसऱ्या रविवारी उपासनेला पोचतो. पावलं मागे फिरू नयेत म्हणून प्रार्थना कर.

तुझा,
रोकिमा

*

त्लांगखुआ,
२९ जून २००८

चि. रोकिमा यास,
प्रभूमध्ये सलाम व अ. आ.

तू गेल्यापासून पत्र नाही म्हणून रुसला असशील. सांगण्याजोगं काही घडल्याशिवाय लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं.

त्या रविवारी तू उभा राहिलास तेव्हा तुझे हात बाकाला धरून होते, ते मला दिसत होते. तू थानछुंगीचं नाव घेतलंस आणि टोपीतल्या तांदळाचं सगळं सांगितलंस. बियाकी उठून निघून गेली. तू तिच्या दारात तासभर उभा राहिलास, तिने दार उघडलं नाही, आणि तू तसाच सुमोत बसलास. तुझी पाठ बघून मला वाटलं, मी तुला उगाच बोलावलं.

पुढचं तुला ठाऊक नाही. त्या आठवड्यात तिच्या घरी बायका एक-एक करून जायला लागल्या. कुणी कंद नेले, कुणी भोपळा. ज्यांच्या आयांनी डबा हलवला होता त्यांच्या लेकी. बियाकीने घेतलं सगळं, पण बोलली नाही कुणाशी. मी गेले तेव्हा मला तर बस असंही म्हणाली नाही. तीन वेळा गेले. चौथ्या वेळी पाय उचलेना. पण नू आजारी माणसाच्या दारात रोज जायची, आज उघडलं नाही तर उद्या, हे आठवलं आणि गेले. जूनपर्यंत जात राहिले.

इकडे तू दिलेलं बियाणं पेरलं. लोक म्हणत होते की उंदीर पुन्हा येतील, कशाला माती उकरायची. म्हटलं, येतील तर येतील, पेरणं आपल्या हातात आहे. निम्म्या गावाने पेरलं. भात छान उगवलं, पण तणही तेवढंच. माझी कंबर वाकेना. अर्धा उतार तणात बुडाला आणि मी खोपटाच्या पायरीवर बसून चक्क रडले.

परवा सकाळी दार वाजलं. बियाकी उभी. हातात खुरपं. म्हणाली, तुझ्या शेतात रान माजलंय, निघायचं की इथेच बसून राहायचं? मी टोपली उचलली.

दुपारपर्यंत दोघी निंदत होतो, ती वरून, मी खालून. मधे भेटलो तेव्हा तिने घाम पुसला आणि आपणहून बोलायला लागली. तिची आई गेली त्या महिन्यात रोज एकच प्रार्थना करायची म्हणे. माझं नाव धुऊन निघू दे, असं एकदाही म्हणाली नाही. डबा आपल्या पोरांनी उघडला नाही हे तिला ठाऊक होतं. जो कोणी तांदूळ नेला तो तगला का, एवढंच तिला कळायला हवं होतं. बियाकीला याचाच राग यायचा. आईला म्हणायची, चोराची कसली काळजी? तर म्हातारी म्हणायची, देवाच्या डब्यात हात घालायची वेळ आली, म्हणजे त्या घरी कुणीतरी मरत असणार गं.

मग बियाकी हसली. अठ्ठेचाळीस वर्षांनी तिला हसताना बघितलं. पुढचे दोन दात नाहीत. म्हणाली, आता वर गेले की आईला सांगेन, तगला तर तगला, चांगला ढेरपोट्या झालाय.

मला हसू आलं नाही. मी खुरपं खाली ठेवलं, तिचा हात धरला आणि म्हटलं, तिला सांग, तो नव्हे, मी. मरत होते ती मी होते, बियाकी. मी जगले.

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझी,
ऊ झोमिंगी